बांगड्याचा वाटा

नाकाला रुमाल लावून डॉक्टरीणबाई मासळीबाजारात शिरल्या आणि चांगुणाच्या पाटीसमोर उकिडव्या बसल्या.

चांगुणाच्या हातावरच्या जखमा वर्षभर भरत नव्हत्या. मलमं झाली, उतारे झाले. गावानं तर महारोगच ठरवून टाकला. गिऱ्हाइकं पुढच्या पाटीकडे वळायची. दवाखान्यात जाताना मात्र ती हात लख्ख घासून जायची.

"आज हात दाखवू नकोस. काम कर," बाई म्हणाल्या.

चांगुणानं मासा साफ करायला घेतला. काटा रुतला. सवयीनं तिनं बोट शिळ्या पाण्याच्या बादलीत बुडवलं.

"इथंच आहे तुझं दुखणं!" बाई उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जखमेतली चिमूटभर कातडी तपासायला धाडली.

अहवाल येताच त्या गोळ्या आणि हातमोजे घेऊन बाजारात हजर. "पाण्यातला जंतू आहे, महारोग नाही. गोळ्यांनी जाईल. एकाचा दुसऱ्याला लागत नाही," त्या मुद्दाम खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली. "चल, बांगड्याचा वाटा दे."

"पण बाई, तुमच्याकडं मासळी शिजत नाय!" चांगुणा पुटपुटली.

"हळू बोल," बाई कुजबुजल्या. "मागे गिऱ्हाइकं उभी आहेत."