पुण्याचं गिऱ्हाईक

श्रीपतीने शेअरचे कागद टीपॉयवर ठेवले आणि विचारलं, "ठिवू का इकू, चिंतामणराव? तुमी सांगाल तसं."

ब्याण्णवचा एप्रिल. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये त्या महिन्यात भाव विचारल्याशिवाय कुणी चहा पीत नव्हतं. चिंतामणराव कारखान्यात हिशेबखात्यात, श्रीपती फिटर. मुंबईच्या मेव्हण्याने कधीकाळी भरायला लावलेले एका सिमेंट कंपनीचे शेअर श्रीपती पत्र्याच्या पेटीत विसरूनच गेला होता. आता डोळे फिरावेत इतके त्यांचे पैसे होत होते. आणि लासुर्ण्याला पाटाकडेचं एक रान विकायला निघालं होतं. त्या रानात त्याच्या बापाने सालाने काम केलं होतं.

चिंतामणरावांनी पेपर उघडला. भाव कालच्यापेक्षाही वर. महिनाभर ते नुसते वाचत होते, आणि समोरच्या स्वानंदने शेअरच्या पैशांतून दारात नवी मारुती आणून उभी केली होती. जूनअखेर ते निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार. बारामतीतला प्लॉट ठरला होता. पैसे द्यायचे होते मेअखेर, तोवर ते बँकेत नुसते पडून. पंधरा दिवसांत शेअर घेऊन विकले तर प्लॉटवर घरही उभं राहील.

एवढा विचार व्हायला बशीतला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"विकून टाका," ते म्हणाले. "कागदाचा काय भरवसा? जमीन घ्या. पुण्यात माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक आहे, आजच्या भावाने घेईल. तुम्ही फक्त सह्या करा."

त्यांच्या पत्नी सुधाबाई लेकीकडे गेल्या होत्या. त्यांना विचारावं असं चिंतामणरावांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुदतठेव मोडली.

आठवडाभर भाव चढला. तो आठवडा चिंतामणराव शीळ घालत दाढी करत होते. एकदा वाटलं, विकावेत. मग वाटलं, अजून दोन दिवस. त्या दोन दिवसांत मुंबईत घोटाळा उघडकीला आला आणि भाव असा कोसळला की विकतो म्हटलं तरी घ्यायला कुणी नव्हतं.

मेमध्ये श्रीपती आणि त्याची बायको पुतळाबाई पेढे घेऊन आले. रानाचं खरेदीखत झालं होतं. पुतळाबाईने पुडा सुधाबाईंच्या हातात दिला.

"राव, तुमी हुता म्हनून," श्रीपती म्हणाला. "ज्या बांधावर बाप भाकर खायाचा, तितं माजं नाव लागलं. तुमी इका म्हनला न्हायतर आज त्या कागदाच्या पुड्या बांधाय लागल्या आसत्या."

"अहो, मी काय केलं त्यात?"

श्रीपती जरा घुटमळला. "एक टोचतंय बगा. त्यो पुन्याचा मानूस बुडाला आसंल न्हवं?"

"असेल," चिंतामणराव म्हणाले. "माझी तशी फारशी ओळख नाही."

"त्येच्या घरात ठावं तरी आसंल का?" पुतळाबाई म्हणाली. "का बायकू अजून हासतखेळत आसंल?"

"हावऱ्या माणसाला बायको कुठली आठवायला!" सुधाबाईंनी नवऱ्याच्या हातावर पेढा ठेवला. "आमच्या ह्यांचं बघा. सगळी कॉलनी वेडी झाली, पण यांनी एका कागदाला हात लावला नाही." मग त्या पुतळाबाईकडे वळल्या. "सोमवारी बारामतीला जातोय, प्लॉटचे पैसे द्यायला. तुम्ही दोघं चला. तुमच्या पायगुणानं आमचंही घर होऊ दे."

"येतो की," श्रीपती म्हणाला. "सकाळच्या एस्टीनंच जाऊ. काय, राव?"

चिंतामणरावांनी अख्खा पेढा तोंडात टाकला. म्हणजे निदान लगेच काही बोलावं लागणार नव्हतं.