दुसरा हात

केसरनं कासोटा घट्ट खोचला आणि शिडीवर पाय ठेवला, तशी गिरणीच्या आवारातली माणसं हातचं काम टाकून बघू लागली. उरणच्या त्या भातगिरणीच्या छपरावर आजवर बाई चढली नव्हती. आता तर पुरुषही चढायला तयार नव्हते. तिचा नवरा सदा गेल्याच महिन्यात तिथून खाली आला होता. एक कुजका पत्रा पायाखाली फुटला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं.

पत्र्याची छपरं जगवणं हा सदाचा धंदा. खाडीवरचं खारं वारं पत्र्याला वाळवीसारखं खातं. सदा आधी गंज खरवडायचा, मग शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा एक हात द्यायचा आणि त्यावर तापल्या डांबराचा दुसरा. बंदराकडच्या कितीतरी वखारी त्यानं अशा राखल्या होत्या. केसर खाली उभी राहून शेंदूर घोटायची, डांबर कढवायची, डबे दोरीला बांधून वर द्यायची. काम तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त छप्पर.

गिरणीचे शेट पत्रे उतरवायला निघाले होते. स्वराज्य आलं होतं, पण लोखंडाचा पत्रा अजून परमिटावर मिळत होता. नवे पत्रे येईपर्यंत गिरणी बंद, आणि तिथं भात पाखडणाऱ्या बायाही घरी. सदानं शब्द दिला होता की हाच पत्रा आणखी खूप वर्षं काढेल. पण शेंदराचा हात झाला आणि तो पडला. नुसता शेंदूर पावसात तग धरत नाही. शेट घरी येऊन त्याच्या खाटेशी बसले. रागावले नाहीत. पाऊस तोंडावर आलाय, आता छप्पर उतरवतो, एवढंच म्हणाले. सदानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा चुलीपाशी बसलेली केसर उठून पुढं आली.

"शेट, छप्पर उतरवू नका. दुसरा हात मी देते."

शेटनी सदाकडे पाहिलं. सदाचं तोंड भिंतीकडेच होतं.

आणि आता ती छपरावर होती. खाली वासा असतो तिथंच खिळे मारलेले असतात, म्हणून खिळ्यांच्या रांगेवरच पाय टाकायचा, हे तिनं सदाकडून ऐकलं होतं. तळव्यांना ओलं गोणपाट बांधलं होतं, तरी पत्रा भाजत होता. काम थांबलं होतं तेवढ्या दिवसांत शेंदरावर पुन्हा खार बसला होता. भात पाखडणाऱ्या बायांनी विहिरीचं गोडं पाणी हंड्याहंड्यानं शिडीपर्यंत आणलं. केसर पत्रा धुवायची, बोट फिरवून जिभेला लावायची. खारट लागलं की पुन्हा धुवायची. पत्रा पुरता सुकला, मगच तिनं काथ्याचा कुंचा डांबरात बुडवला.

सदा रोज बैलगाडीतून यायचा. काठीवर भार टाकून भट्टीशी बसायचा आणि डांबराखाली लाकडं सारायचा. पण छपराकडे पाठ करून. एकदाही त्यानं मान वळवली नाही. येणारेजाणारे थांबून वर बघायचे, काहीबाही बोलायचे. केसरला वाटायचं, नवऱ्याला आपली लाज वाटतेय. घरी गेल्यावरही तेच. ती भाजलेले तळवे धरून बसायची, तो तेलाची वाटी तिच्यापुढं सरकवायचा आणि कूस बदलायचा.

तो पडला होता ती जागा तिनं शेवटाला ठेवली होती. भोकाशेजारी फळी टाकून ती पालथी झाली. खाली गिरणीची फरशी दिसत होती. एकदा डोळे मिटले, उघडले, आणि मग तिनं डांबरात भिजवलेलं गोणपाट काठाकाठानं दाबून बसवलं, वरून कुंचा फिरवला. उठून उभी राहिली तेव्हा अख्खं छप्पर काळंभोर चकाकत होतं, आणि पलीकडे खाडी. आपल्या हातून झालं हे, असं तिच्या मनात आलं आणि ऊर भरून आला. तिनं खाली पाहिलं. सदा जाळाकडे बघत होता.

तो पावसाळा आडवातिडवा कोसळला. शेट रोज पोत्यांवरून हात फिरवायचे; एक पोतं ओलं झालं नाही. लोक म्हणू लागले, वर ती चढली तरी कसब सदाचंच, सदानंच छप्पर राखलं. कुणी केसरला तसं म्हटलं की तीही "व्हय" म्हणायची.

नवं भात गिरणीत आलं त्या दिवशी करंजा गावाहून तुळशीराम आला. त्याच्या मिठाच्या वखारीचे पत्रे गंजले होते. त्यानं गिरणीचं छप्पर बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं, आणि सगळ्यांदेखत सदाचा हात हातात घेतला. असा हात साऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणाला. माझ्या वखारीलाही तुझाच हात पाहिजे.

केसर बायांमध्ये भात पाखडत होती. तिनं मान खाली घातली.

सदानं आपला हात सोडवून घेतला. मला वर बघायचा धीर नव्हता, तो म्हणाला. ती पडली असती तर ते मला बघवलं नसतं. पण हा हात माझा नाही.

"मंग कुनाचा?" तुळशीरामनं विचारलं.

आवारात सगळे ऐकत होते. नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. लग्नातल्या उखाण्यानंतर सदानं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. तो काठी टेकून ताठ उभा राहिला आणि भिंतीबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"केसरचा."