मीनाबाईचा विळा

मीनाबाई गेल्यापासून तिचा विळा आढ्यालाच खोचलेला होता. केळीतलं गवत फार माजलं तेव्हा रतिलालने तो काढला, बांधावर बसून गंज जाईस्तोवर कानस मारली आणि धार पेपरच्या तुकड्यावर ओढून पाहिली. कागद सर्रकन कापला गेला. त्याने विळा नव्या सुनेकडे दिला.

दोन-चार मुठी कापून हेमांगी थांबली. "नाना, हाऊ विळा उलटाच चाली ऱ्हायना. धार दुसरी बाजूले लागी गई."

रतिलालने पाहिलं. कानस मारताना त्याचा हात जुन्या सवयीने चालला होता.

"तुन्ही सासू डावरी व्हती," तो म्हणाला.

मग त्याने आपला विळा हेमांगीला दिला, मीनाबाईचा डाव्या हातात धरला आणि वाकला. गवत वेडंवाकडं तुटत होतं. तो कापत राहिला.