चार बोटं कमी

"आता उजवा," पट्टीसर म्हणाले.

भिंगरीने उजव्या पायावर तोल सावरला, लंगडी उडी मारली आणि त्याच पायावर उतरली. जमिनीला चिकटवलेल्या मोजपट्टीपाशी सर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी तिच्या टाचेशी खडूची रेघ ओढली. डाव्या पायाची रेघ आधीच ओढलेली होती. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींना चिकटल्या होत्या.

उजवा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावलेला, डावा धडधाकट. शाळेच्या या उपचारखोलीचा नियम एकच होता. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायापेक्षा वीतभर कमी पडली तर चालेल. त्याहून कमी पडली तर मैदान बंद. नियम सरांच्या बायकोने घालून दिला होता. खोलीही तिचीच. ती डॉक्टर, हे पट्ट्या बांधणारे. ती गेल्यापासून खोली ते एकटेच चालवत होते.

"झालं की!" दारात उभा असलेला कोच म्हणाला. तो सरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. "भाऊजी, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करू नका. उद्या फायनल आहे. हो म्हणा आणि पोरीला मोकळं करा."

सरांना काहीतरी खटकत होतं. डाव्या पायाने उडी मारताना पोरीचे हात हललेच नव्हते. पण रेघा तर समोर होत्या.

"जा," ते म्हणाले.

भिंगरी बाहेर पळाली. व्हरांडा नुकताच पुसलेला होता.

"ए!" फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या. त्यांना सगळी शाळा टरकून होती. "ओल्यात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन!"

भिंगरीने डाव्या पायावर रेटा दिला, अख्खा ओला पट्टा ओलांडला आणि पलीकडे कोरड्या फरशीवर डाव्याच पायावर उतरली. मघाच्या रेघेच्या कितीतरी पुढे गेली असती अशी उडी.

"वा गं माझी राणी!" मावशी म्हणाल्या.

खोलीतून सरांनी आणि कोचने ती उडी पाहिली होती. भिंगरी पलीकडे एका पायावर तशीच उभी राहिली. दुसरा पाय टेकवायचा तिला धीर होईना.

"आत ये," सर म्हणाले. "कडेने ये."

ती आली. खाली मान घालून उभी राहिली.

"हे कोणी शिकवलं?"

"कोणी असं नाही, सर. सगळ्याच करतात. चांगल्या पायाने बेताचीच मारायची. वरच्या वर्गातल्या मुली सांगून जातात."

"सगळ्याच?"

"तुम्हाला कळत नाही म्हणून..." तिने जीभ चावली.

सरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा छताचा पंखा बघायला लागला.

"डावा," सर म्हणाले. "आणि या खेपेला खरा."

या खेपेला तिने हात मागे नेले, दात-ओठ खाऊन उडी मारली. सरांनी नवी रेघ ओढली. उजव्या पायाच्या रेघेपासून त्यांनी वीत टाकली. वीत पुरली नाही. करंगळीच्या पुढे त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं एकाला एक लावून ठेवली. चार बोटं.

"उद्या नाही," ते म्हणाले. "अजून तीन आठवडे तरी."

"सर, माझं शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी मी या शाळेतच नसणार."

"माहीत आहे मला."

"दुखत नाहीये, सर. खरंच. आईची शपथ."

"अहो भाऊजी, चार बोटं!" मेहुणा आत आला. "पोरीने लबाडी केली, मान्य. मी कान पिळतो तिचा. पण वीतभर तुम्ही चालवून घेता ना? मग चार बोटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"कोसळणार नाही, असं तू सांगशील?"

"मी कशाला? ताई असती ना, तर तिनेच सोडलं असतं हिला."

बोलून गेल्यावर त्याने स्वतःच नजर वळवली. सर मोजपट्टीपाशी बसलेलेच होते.

"सोडलं असतं," ते म्हणाले. "चार बोटांसाठी ती अडून बसली नसती."

"मग?"

"मग घरी येऊन चहा गार करत बसली असती. 'त्या पोरीला सोडलं ते बरोबर केलं ना हो मी?' दहादा विचारलं असतं. मी म्हटलं असतं, बरोबर केलंस, चहा घे आता. तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी परत इथे यायची." त्यांनी खडूचे हात पँटला पुसले. "मी हिला सोडेनही रे. पण घरी गेल्यावर मी कोणाला विचारू?"

भिंगरीच्या डोळ्यांत रागाचं पाणी भरलं होतं. ते तिने बाहीने पुसलं आणि ती खाटेच्या कडेवर बसली.

मेहुण्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग तो भिंगरीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती. त्याला बराच वेळ लागला.