तिसरा फर्मा

"सगळं ठीक आहे, पण शेवट काय झाला ते सांगा," हेडमास्तर म्हणाले.

बाईने हातातला कागद उलटा करून पाहिला. मागे काय असणार, कोराच.

महिन्यात चार पुस्तकं वाचायची, आणि शेवटच्या रविवारी वाचनालयात उभं राहून काय वाटलं ते सांगायचं, असा तो उपक्रम, आणि परीक्षक म्हणून गावातल्या शाळेचे हेडमास्तर. पास होईल त्याला वर्षाचं कार्ड फुकट. बाईला कार्डापेक्षा रविवार हवा होता. नवऱ्याने घरून निघतानाच बजावलं होतं, पास झालीस तर दर रविवारी दोन तास तिथं जाऊन बस, मी अडवणार नाही. नाही झालीस तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला तो दारात उभा होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

तोवर बाई बोलली होती मात्र झकास. पहिल्या पुस्तकातला खलाशी बोटीच्या कोठारात अडकलाय, दाराला बाहेरून कडी. दुसऱ्यातली विधवा चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आलीय. आता तिला कोणी जा म्हणत नाही, आणि राहा पण म्हणत नाही. तिसरं एका नावाजलेल्या डॉक्टरचं चरित्र. "मोठा झाला म्हणतात. मला तो नऊ वर्षांचाच भेटला, तापाने पडलेला. पांघरुणातून पाय बाहेर काढायची चोरी!" लोक हसले होते. चौथं बागकामाचं. "कुंडी लहान पडली की मुळं आतल्या आत गोल गोल फिरतात म्हणे. ते वाचलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही."

टाळ्यासुद्धा पडल्या. आणि मग हेडमास्तरांनी शेवट विचारला.

"शेवट माझ्याकडे येत नाही, सर."

"म्हणजे?"

"मी बाइंडिंगच्या कारखान्यात आहे. मोठा छापील कागद येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. माझं टेबल तीन नंबरचं. कुठलंही पुस्तक येऊ दे, माझ्याकडे तिसराच फर्मा. पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस. एखादा खराब निघाला की ठेवून देते, जेवणाच्या सुट्टीत वाचते. अकरा वर्षं झाली. तिसऱ्या फर्म्यात माणूस नुकता अडकलेला असतो, सर. सुटतो तो पुढं कुठं तरी. सुटत असेल तर."

"अगं, मग शेजारच्या टेबलावरून चौथा मागून घ्यायचास!" ग्रंथपालबाईंना राहवलं नाही.

"चौथ्या टेबलावर माझी सासू आहे."

असा हशा पिकला, की बाहेरून दोघं डोकावून गेले.

"खरंच सांगते. स्टूल टोचतं म्हणून ती खराब फर्मे खाली घेऊन बसते. ती उठली तर मिळेल. ती उठत नाही."

हेडमास्तर हसले नाहीत. बाईच्या नावापाशी त्यांचं पेन अडलं होतं. "बाई, वाईट वाटतंय मला. पण चार पुस्तकांची मिळून चौसष्ट पानं होतात. याला वाचन कसं धरू?"

"मी म्हटलंच होतं," नवरा दारातून बोलला. "चल गं. दिवसभर कागदच चिवडतेस, वर लोकांचा वेळ कशाला खातेस?"

बाईने पिशवी उचलली. खांद्याला अडकवली पण.

"थांबा," हेडमास्तर म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता, नियमाचा होता एवढंच. "एकाचा तरी शेवट सांगा. वाचलेला नको. घड्या घालता घालता डोक्यात काही तरी आलंच असेल की."

"आलं तर धराल?"

"ऐकू तर आधी."

"ती काय सांगणार!" नवरा हसला. "पुढचं पान तरी बघितलंय का तिने?"

बाईने पिशवी पुन्हा खाली ठेवली. "कुठल्याचा सांगू, सर?"

"खलाशाचा सांगा."

"अहो," ती दाराकडे बघून म्हणाली, "आत येऊन बसा. याला वेळ लागेल."

नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. रिकामी होती ती पोरांच्या कोपऱ्यातली बुटकी, लाल खुर्ची. सगळी खोली बघतेय म्हटल्यावर करतो काय बिचारा? बसला. गुडघे हनुवटीला टेकले.

बाई हेडमास्तरांकडे वळली.

"कडी बाहेरून होती, बरोबर? पण त्याने अंधारात सगळं दार हाताने चाचपलं, सर. बिजागऱ्या आतल्या अंगाला होत्या."