मेला तो चहाला

वीस बाजूंचा फासा गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तीनवर थांबला. चिमीने पुठ्ठ्याच्या आडोशामागे मान घालून काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि आपल्याच नवऱ्याला सांगितलं, काळभुजंगाच्या शेपटीचा तडाखा बसला, तुमचा मांत्रिक खलास.

टॅक्सीवाल्या नवऱ्याने खांदे उडवले आणि आपली सोंगटी पटावर आडवी केली. मेलेली सोंगटी आडवी, हा त्यांच्या खेळाचा नियम. दुसरा नियम दादाचा: मेला तो चहाला. घर त्याचं, टेबल त्याचं, तेव्हा नियमही त्याचेच. धाकट्या बहिणीकडे, म्हणजे चिमीकडे, फक्त राक्षस चालवायचं काम होतं.

"भावोजींच्या हातचा चहा नको रे बाबा," दादा म्हणाला. "पुढचा मरेल तो करील."

मग मी तेवढ्यात गाडी हलवून येतो, नवरा म्हणाला. गल्लीत आडवी लावलीय, कुणीतरी येईल बोंबलत. दादाचं कुलुपांचं दुकान होतं. चोरांचं काही सांगता येत नाही म्हणून घराच्या दोन्ही दारांना त्याने आतूनही कुलपं ठोकली होती आणि किल्ल्या सदा त्याच्या खिशात. एरवी कुणाला जायचं असलं की तो स्वतः उठायचा. पण आज भुजंग त्याच्या योद्ध्यासमोर फणा काढून उभा होता. त्याने पटावरची नजर न काढता किल्ली फेकली.

"मागच्या दाराने जा. येताना लावून घ्या."

चिमीला आज धास्ती एकाच गोष्टीची होती, खेळ मध्येच मोडण्याची. मागच्या खेपेला हरायची वेळ आली तेव्हा दादाने पट उधळून दिला होता. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या उजव्या मनगटाला प्लास्टर दिसलं. कपाटाचं दार लागलं, असं दादाने सांगितलं आणि वहिनीने मान डोलावली. सध्या ती डाव्या हाताने फासे टाकायची.

"याला मारायचं तरी कसं?" दादा कुरकुरला. "काहीही कर, ढिम्म हलत नाही."

"सगळ्याच शत्रूंशी लढायचं नसतं, दादा. काहींपासून पळायचं असतं."

"पळणं आपल्या घराण्यात नाही," दादा म्हणाला आणि बायकोकडे वळला. "टाक गं. झोप आली का?"

वहिनीने फासा टाकला. आकडा जितका मोठा तितका वार जबर. सतरा. चिमीने तिचा तिरंदाज मेल्याचं जाहीर केलं.

दादाने हळूच वर पाहिलं. "सतरा पडले की. सतराला ही कशी मेली?"

त्याचा हात आडोशाकडे सरकला. राक्षसाची ताकद मांडलेली असायची त्या पुठ्ठ्यामागे. आज तिथे चिमीच्या हातांशिवाय काही नव्हतं.

"भुजंगापुढे सतरा म्हणजे दर्यात खसखस," ती म्हणाली. "तुझ्या योद्ध्याची गोष्ट वेगळी. त्यालाच जमलं तर जमेल."

हात थांबला. दादा खुशीत हसला आणि खुर्चीत मागे रेलला. "बघितलंस? मी नसतो तर तुमचं काय झालं असतं! मेलीस ना? चल, चहा टाक."

वहिनी उठली. जाताना तिने आपली सोंगटी पटावरून उचलून मुठीत घेतली. त्या लाकडाला आता मलम लावणार का, असं दादाने विचारलं. ती आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून नळाची धार ऐकू आली.

दादा लढत राहिला. त्याने भुजंगाचं डोकं उडवलं. चिमीने दुसरं उगवून दाखवलं. त्याने डोळे फोडले. चिमी म्हणाली, हा वासावर शिकार करतो. दादाच्या कपाळाची शीर तटतटली. ती शीर चिमीला लहानपणापासून माहीत होती आणि तिची भीतीही तेवढीच जुनी होती.

"चहाला काय हिमालयात गेली का?" तो ओरडला. नळ वाहतच होता. "भांडी घासत बसली असेल. प्लास्टर भिजवून ठेवील, अक्कल शून्य." तो अर्धवट उठला.

"भुजंगाने तुझ्या तलवारीला विळखा घातलाय," चिमी घाईने म्हणाली. "आता उठलास तर तलवार सोडलीस असं धरीन."

तो शिवी हासडून खाली बसला. फासा घेतला.

बाहेर गल्लीत हॉर्न वाजला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब लांब जात विरला. फासा पटावर थांबला होता. दोन.

"लागला," चिमी म्हणाली. "वर्मी लागला. भुजंग मेला, दादा. जिंकलास."

"दोनवर?"

"दोनवर."

मग त्याने टेबलावर मूठ आपटली. आपल्यापुढे कुणी टिकत नाही, असं तो पहिल्यापासून म्हणत होता. "अगं ए, मेला बघ!" असं ओरडत तो स्वयंपाकघराकडे गेला आणि उंबऱ्यातच थबकला.

चिमीला त्याच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. मागचं दार सताड उघडं होतं. शेगडी पेटलेलीच नव्हती, तिच्यावर कोरडं पातेलं होतं, आणि पातेल्याशेजारी तिरंदाजाची सोंगटी उभी होती.