संयोगिताचा हेडफोन

केरबानं हेडफोन कानावर चढवला, तसा मनुबाईनं चुलीपुढं बसून हुंदका मोकळा सोडला.

हेडफोन त्यांच्या लेकीचा, संयोगिताचा. पोरगी शिरवळच्या कारखान्यात नोकरीला होती. तापानं फणफणत घरी आली आणि आठवड्याच्या आत गेली. तिच्या खोलीवरचं सामान आलं, त्यात हा निघाला. वाईची पुतणी शिवांजली तेव्हा इथंच होती. तिनं काकाला सगळं नीट समजावून दिलं. वायरीची कटकट नाही, ब्लूटूथनं फोनला जोडला जातो. बटण दाबून धरलं की निळा दिवा लागतो. एकदा चार्ज केला की चाळीस तास बघायला नको. गाद्या मऊ आहेत, नुसत्या कानावर टेकतात. पण गाणं मोठं लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. केरबानं मान डोलावली. तेव्हापासून उसाच्या रानातून आला की तो हेडफोन लावून, डोळे मिटून सोप्यात बसायचा.

मनुबाई कुणादेखत रडली नव्हती. केरबाच्या काळजाचं ऑपरेशन झालेलं. तू खचलीस तर त्याला कोण सांभाळणार, असं भावकीतल्या बायकांनी बजावलं होतं. तिनं सगळं गिळलं. पण त्याचे कान झाकले की ती लेकीशी मोठ्यानं बोलायची. कधी त्याच्यावरच आग पाखडायची. ‘सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, सांगलीला न्या, म्हनत हुते गं मी. तुझ्या बानं ऐकलं न्हाई.’ घरातलं माणूस गेलं आणि हे गाणी ऐकत बसलेत, याचाही तिला राग यायचा.

वर्षश्राद्धाला शिवांजली आली. खाटेवरचा हेडफोन उचलून तिनं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

“काकी, याची बॅटरी केव्हाच संपलीय,” ती म्हणाली. “मी दिलेली चार्जिंगची वायर तर काकांनी पिशवीतून काढलेलीसुद्धा नाही.”

वर्षभर मनुबाई जे बोलली, तो शब्दन्‌शब्द तिला आठवला. हेडफोन घेऊन ती सोप्यात आली आणि केरबाच्या शेजारी टेकली.

“आवं, तुमास्नी समदं ऐकू येत हुतं?”

“व्हय.”

“सांगलीचं बी?”

“ते खरंच हाय की.” त्याचा आवाज खाली गेला. “म्या नेली असती, तर आज असती ती.”

मनुबाईनं हेडफोन पुढं धरून विचारलं, “मग ह्यो कानावर कशापायी चढवत हुता?”

केरबानं तिच्या हातातला हेडफोन घेतला आणि बाजूला ठेवला.

“माझं कान उघडं दिसलं, की तू रडत न्हाईस.”